बोगसांच्या नावाखाली

संजय गांधी निराधार योजनेतल्या दिव्यांगांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "यातले निम्मे बोगस आहेत. आधी ते हुडकून काढा, मग वाढीचं बोला." तहसीलसमोरच्या टपरीवर ते ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, वाहिन्यांवरच्या चर्चेतही ऐकू येतं. त्यालाच जोडून आणखी काही गोष्टी म्हटल्या जातात. माणूस खरोखर दिव्यांग असेल तर त्याला कागद काढायला अडचण कसली? आता तर सगळं ऑनलाइन झालंय, घरबसल्या अर्ज होतो. आणि सरकारने फुकट वाटायचं तरी किती? असं म्हणणारी माणसं वाईट नसतात. आपण भरलेल्या कराचा पैसा भलत्याच्या खिशात जाऊ नये, एवढंच त्यांना वाटत असतं. म्हणून त्यांच्या म्हणण्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

मी तालुक्याच्या गावी राहतो. 'निराधारचा पगार', म्हणजे या योजनेचं महिन्याचं अर्थसाहाय्य, सुरू करून घ्यायला आलेल्यांचे अर्ज भरून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्यातून झालेलं मत आधीच सांगून टाकतो. या योजनेभोवती कागदांचं आणि अटींचं जे कुंपण घातलं आहे, ते खोट्या माणसाला अडवत नाही. ते खऱ्याला अडवतं. आणि बोगसांची ओरड होऊन कुंपण उंच झालं की दर वेळी बाहेर राहतात ते खरेच.

बोगस आहेत, हे मी नाकारत नाही. २०२४ साली पुण्यात नेमणूक असलेल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रांवरून देशभर चर्चा झाली. जिल्हा परिषदेच्या शिक्षक बदल्यांत दिव्यांग असल्याचं खोटं दाखवून, विशेष संवर्गाचा लाभ घेऊन सोयीची शाळा पदरात पाडून घेणाऱ्यांबद्दलच्या तक्रारी तर आपल्याकडे नेहमीच्याच. पण ही प्रकरणं कशासाठी घडतात ते पाहा. नोकरी, राखीव जागा, बदली, बढती यांसाठी. महिन्याच्या दीड-अडीच हजारांसाठी सहसा कुणी एवढा खटाटोप करत नाही, आणि नोकरदाराने केला तरी त्याला ते मिळायचे नाहीत, कारण या योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. सरकारी नोकरीतल्या घोटाळ्याचा राग गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या पोराच्या अर्जावर काढायचा, हा कुठला न्याय?

पगाराच्या यादीतही काही खोटी नावं असतील. माझ्या पाहण्यात आली आहेत. पण खोटं प्रमाणपत्र एकट्या अर्जदाराच्या हातून होत नाही. त्यावर डॉक्टरांच्या सह्या लागतात, रुग्णालयाचा शिक्का लागतो, कुणीतरी आतून हात द्यावा लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ९१ मध्ये फसवून लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. ते वापरा. सही करणाऱ्यालाही पकडा. त्याऐवजी होतं काय, तर दहा खोट्यांसाठी हजारो खऱ्यांना पुन्हा तपासणीला बोलावलं जातं. आणि तपासणीला कोण सहज पोचतं? ज्याचे पाय धड आहेत तो. मोटारसायकल आहे, मोबाइल हाताळता येतो, एजंट ओळखीचा आहे, त्याची फाइल कशी अगदी टापटीप असते. माझ्याकडे आलेल्या फाइलींत सगळ्यात जास्त त्रुटी असतात त्या घरातून बाहेरच पडू न शकणाऱ्या माणसाच्या.

"खऱ्याला कागद काढायला काय अडचण?" असं विचारणाऱ्याने एकदा जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये दिव्यांगत्व तपासणाऱ्या बोर्डाच्या दिवशी जाऊन उभं राहावं. बोर्ड आठवड्यातून ठरलेल्या वारी बसतं. सकाळच्या पहिल्या एसटीने आलेली माणसं आधी केसपेपरच्या रांगेत, मग हाडांच्या डॉक्टरांच्या दारात, मग एक्स-रेला. मतिमंदत्वाचं प्रकरण असेल तर मानसतज्ज्ञ लागतो, आणि तो त्या दिवशी असेलच असं नाही. अशाच एका दिवशी मी एका आईबरोबर होतो. पोरगा विशीच्या पुढचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. हात कोपरात वळलेले, मान एका बाजूला, लाळ पुसायला आईच्या खांद्यावर सतत एक फडकं. एसटीच्या पायऱ्या तिने त्याला पाठीवर घेऊन चढवला-उतरवला होता. तिच्या पिशवीत याच रुग्णालयाने पूर्वी दिलेला दाखला होता, हाताने लिहिलेला, तिने लॅमिनेशन करून जपलेला. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "मावशी, हा चालत नाही आता. ऑनलाइनवाला काढा, नव्याने तपासणी होईल." ती म्हणाली, "दवाखाना ह्योच हाय, पोरगंबी तेच हाय. मग बदललं काय, साहेब?" खिडकीतल्या माणसापाशी उत्तर नव्हतं. त्याच्या हातात तरी काय होतं? दुपारी कळलं की ज्यांची सही हवी ते डॉक्टर रजेवर आहेत. पुढच्या आठवड्यात या.

बदललं ते इतकंच, की मध्ये सरकारने दाखल्याची पद्धत बदलली. हाती लिहिलेले दाखले गेले, ऑनलाइन आले, मग वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी. ओळखपत्राला माझा विरोध नाही. देशभर चालणारं एकच कार्ड ही चांगलीच गोष्ट आहे. पण जुनी नोंद नव्यात नेण्याचं काम ज्याच्याकडे दप्तर आहे त्याने करायचं की ज्याला खांद्यावर घेऊन आणावं लागतं त्याने? २०२४ मध्ये केंद्राने नियम सुधारले. प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली, आणि दोन वर्षं निर्णय न झालेला अर्ज आपोआप बाद ठरवून अर्जदाराने पुन्हा अर्ज करावा असं म्हटलं. दिरंगाई यंत्रणेची आणि अर्ज बाद होतो तो माणसाचा, हे मला कुणी समजावून सांगावं.

आता सगळ्यात मोठ्या अटीकडे येतो. तिच्याविषयी चर्चेत कुणी बोलत नाही.

संजय गांधी योजनेत दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावं लागतं. कुटुंबाचं, एकट्या अर्जदाराचं नव्हे. महिन्याला चार हजार दोनशेही होत नाहीत. रोजगार हमीची महाराष्ट्रातली २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एकाच माणसाने वर्षात १६१ दिवस या दराने काम केलं की मर्यादा ओलांडली. म्हणजे बाप अर्धं वर्षही मजुरीला गेला नाही तरच मुलगा पात्र! आई तर जाऊच शकत नाही, कारण पोराला भरवायचं, धुवायचं, कुशीवर वळवायचं काम तिचं. सरकारचीच मजुरी, सरकारचीच मर्यादा, आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत.

मग होतं काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. मजुरी करणाऱ्या माणसाच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर मर्यादेच्या आतला आकडा पडतो. तलाठ्याला ठाऊक असतं, तहसीलात ठाऊक असतं, अर्ज भरणाऱ्या मलाही ठाऊक असतं. ज्याचं दिव्यांगत्व शंभर टक्के खरं, त्याला या अटीने खोट्या कागदावर उभं केलं. उद्या गावात कुणाशी बांधावरून वाद झाला की हाच दाखला त्याच्याविरुद्ध तक्रारीला पुरतो, आणि मग तो 'बोगस लाभार्थी' म्हणून मोजला जातो. बोगसांची यादी वाढवायला अशी अटही हातभार लावते. ज्यांना आकडे हवे असतात त्यांनी हेही मोजावं.

याच राज्यात जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाली. महिन्याला १,५०० रुपये, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्या बायकांना पैसे मिळाले याचा मला आनंदच आहे, आमच्या घरातल्या बायकांनाही मिळाले. पण शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन बायका डोळ्यांसमोर आणा. एकीला दोन्ही पाय आहेत, घरचं उत्पन्न वर्षाला दोन लाख. तिला १,५०० मिळाले. दुसरीला पोलिओ, घरचं उत्पन्न ५०,००० च्या आत असल्याचा दाखला देऊन, बोर्डापुढे जाऊन, दरवर्षी हयातीचा दाखला भरून तिलाही १,५०० च. आणि दुसऱ्या योजनेतून १,५०० मिळतात म्हणून ती लाडक्या बहिणींत बसत नाही. मर्यादा पाचपट कडक, कागद कितीतरी जास्त, रक्कम तेवढीच. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांची रक्कम २,५०० झाली, ते चांगलं झालं. उत्पन्नाची मर्यादा मात्र होती तिथेच राहिली.

पैसेवाल्या घरांसाठी याच देशाने काय मान्य केलं आहे तेही पाहावं. आयकर कायद्याच्या कलम ८० डीडी प्रमाणे घरात दिव्यांग व्यक्ती अवलंबून असेल तर जुन्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. ती प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर अवलंबून नाही, सरसकट मिळते. म्हणजे अशा माणसाला सांभाळायला वर्षाला पाऊण ते सव्वा लाख लागतात हे सरकारला पटलेलं आहे. कर भरणाऱ्या घराच्या बाबतीत ते पटतं. आणि मजुराच्या घराला सांगितलं जातं की तुमच्या सगळ्या माणसांची वर्षाची कमाई मिळून ५०,००० च्या वर गेली तर तुम्ही गरजू नाही. हे दोन हिशेब एकाच देशाच्या दप्तरात आहेत. गरिबाचा हिशेब फुकटेपणाचा ठरवणाऱ्यांनी आधी या वजावटीचं नाव काय ठेवायचं ते सांगावं.

केंद्राची वेगळी योजना आहे, इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन, २००९ साली सुरू झालेली. तिच्यात केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये, तोही दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव आणि ८० टक्के दिव्यांगत्व असेल तर. २०१२ पासून हा आकडा हललेला नाही. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहावं असं काही नाही.

"घरबसल्या ऑनलाइन होतं" हे म्हणणं घेऊ. घरबसल्या होतं ते ज्याच्या अंगठ्याचा ठसा उमटतो, डोळ्यांची उघडझाप कॅमेऱ्याला दिसते, ओटीपी वाचता येतो आणि दहा मिनिटांत टाइप करता येतो त्याचं. कुष्ठरोगातून बरे झालेले लोक २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांच्या २१ प्रकारांत धरले आहेत. त्यांच्या बोटांना रेषाच उरलेल्या नसतात. सेतू केंद्राच्या टेबलावरच्या ठसे घेणाऱ्या छोट्या यंत्रावर मी एका आजोबांची बोटं एकामागून एक दाबून पाहिली आहेत. उजव्या हाताची झाली, डाव्या हाताची झाली, पाणी लावून झालं, पुसून झालं. यंत्र दर वेळी तांबडा दिवा दाखवायचं, आणि आजोबा दर वेळी मलाच म्हणायचे, "माफ करा हं, भाऊ." त्यांनी माफी मागायचं काहीच कारण नव्हतं. अशांसाठी वेगळी सोय करण्याची तरतूद आहे, पण ती टेबलावर बसलेल्या पोराला कुणी शिकवलेली नसते. पगार थेट खात्यात जमा करण्याची पद्धत आली तेव्हा आधार जोडलेलं नाही, नाव जुळत नाही, एवढ्यावर कितीतरी जणांचे पैसे अडकले.

हे मीच म्हणतो असं नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात निकाल देताना डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. ॲसिड हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना इजा झालेल्यांना ओळख पटवताना पापण्या मिटून-उघडून दाखवायला सांगितलं जात होतं, त्यांनी काय करायचं असा तो प्रश्न होता. न्यायालयाने दुसरे मार्ग ठेवायला सांगितले. तो निकाल तालुक्याच्या सेतूपर्यंत पोचायला हवा.

आणखी एक गाठ अठराव्या वर्षी बसते. मुलगा सज्ञान झाला की त्याचं खातं आई चालवू शकत नाही, बँक कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र मागते. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ते देते. कायदा चांगला आहे. पण अठरा वर्षं त्याला वाढवणाऱ्या आईला ती त्याची पालक आहे हे सिद्ध करायला जिल्ह्याला जावं लागतं, आणि अशी समिती असते हे तिला सांगणारा बहुधा कुणी भेटत नाही.

उरला खैरातीचा आक्षेप. कलम ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्याची तरतूद राज्याने करावी असं घटनेने सांगितलं आहे, आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. कुवतीचा मुद्दा मला मान्य आहे. पण कुवत सगळ्यांसाठी सारखी मोजावी. २०१६ च्या कायद्याचं कलम २४ म्हणतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्क्यांनी जास्त असली पाहिजे. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुलै २०२३ ते सप्टेंबर २०२५ या काळात संजय गांधी योजनेत विधवा, परित्यक्ता, निराधार आणि दिव्यांग या सगळ्यांना सारखेच १,५०० रुपये मिळत होते. २५ टक्के जास्त म्हणजे १,८७५ व्हायला हवे होते. महिन्याला ३७५ रुपये त्या सत्तावीस महिन्यांत प्रत्येक दिव्यांगाचे राहिले, १०,१२५ रुपये. दिव्यांगांनी सरकारचं फुकट खाल्लं असं म्हणणाऱ्यांनी ही थकबाकीही वहीत मांडावी.

कुवतीचंच बोलायचं तर दुसरी राज्यं पाहू. आंध्र प्रदेशात २०२४ पासून दिव्यांगांना महिन्याला ६,००० रुपये मिळतात, पूर्णपणे अंथरुणाला खिळलेल्यांना १५,०००. तेलंगणात ४,०१६. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था या दोघांपेक्षा लहान आहे असं कुणी म्हणणार नाही. जून २०२५ मध्ये मोझरी इथे झालेल्या उपोषणात दिव्यांगांसाठी ६,००० ची मागणी झाली तेव्हा ती अवाजवी असल्याचं बोललं गेलं. आंध्रात तो चालू दर आहे.

आता शेवटची शंका. कागद कमी करा म्हणता, मग खातरजमा कशी करायची?

घरी जाऊन करायची. ते जमतं, हे निवडणूक आयोगाने दाखवून दिलं आहे. २०२४ च्या लोकसभेला ८५ वर्षांवरच्या मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मत देण्याची सोय होती. मतदार १२ ड चा अर्ज भरतो, पथक घरी येतं, चित्रीकरण होतं, गुप्तता पाळली जाते, शिक्के लागतात. या योजनेसारखीच चाळीस टक्क्यांची अट, त्याच गावातली तीच माणसं. मत घ्यायला खाटेपर्यंत गेलेलं सरकार पगार द्यायच्या वेळी त्याच माणसाला खाटेवरून उठून तालुक्याला यायला का सांगतं? वर्षातून एकदा ग्रामसेवक आणि आशाताई दारात जाऊन माणूस हयात आहे की नाही ते पाहू शकतात. तिथे ते घरही पाहतील, छप्परही पाहतील, आणि खोटा माणूस कागदावर लपतो तसा दारात लपू शकणार नाही. बोगसांची ज्यांना खरोखर काळजी आहे त्यांनी ही मागणी माझ्याआधी करायला हवी होती. यासाठी पैसा आणि यंत्रणा नाही असंही नाही: स्थानिक संस्थांना आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहेच, आणि डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आहे.

त्याबरोबर उत्पन्नाची मर्यादा निदान लाडक्या बहिणीइतकी, अडीच लाख करा. जुना कायमस्वरूपी दाखला असेल तर नव्या कार्डासाठी पुन्हा बोर्डापुढे उभं करू नका; रुग्णालयाच्या दप्तरावरून करा, आणि शंका असेल त्यालाच बोलवा, गाडी पाठवून बोलवा. अर्ज मंजूर करणारी तालुक्याची समिती नेमली गेली नाही, तिची बैठक झाली नाही, आचारसंहिता लागली, म्हणून मंजुऱ्या अडकतात. त्यासाठी मुदत घाला आणि ती उलटली की तहसीलदारांनी एकट्याने सही करावी. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्या, कुणाकडे आणि किती दिवसांत दाद मागायची तेही त्याच कागदावर लिहा. आणि मंजूर झाला तर पैसे अर्जाच्या तारखेपासून द्या. अर्ज दप्तरात पडून राहिला त्या महिन्यांतही त्या घरात औषधं लागलेलीच असतात.